कोठवर वाट पाहायची, मावशी?

वाचकांची पत्रं, मावशीची उत्तरं

प्रश्न : प्रिय मावशी, सलाम. माझं वय ३३. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई दर शुक्रवारी माझ्यासाठी उपास करतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडच्या संमेलनात बाहेरगावच्या एका प्रवचनकारांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘पुढच्या नाताळला तुझ्या मांडीवर लेकरू असेल.’ तो नाताळ गेला, त्याच्या पुढचाही गेला. आता महिला मंडळात कुजबुज चालते की हिचा विश्वास कमी पडला, नाहीतर काहीतरी लपवलेलं पाप असणार. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांच्याही तपासण्या करायला सांगितल्या आहेत. पण आमचे हे म्हणतात, ‘अब्राहामाने घाई केली आणि इश्माएल झाला. देवाच्या वेळेआधी आपण धावायचं नाही.’ बारशाला मला पाळण्याजवळ कोणी बोलावत नाही. प्रार्थनेला बसते तेव्हा तोंडून शब्द फुटत नाही, नुसता राग येतो. मी अधीर आहे का? देवाच्या वेळेवर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय?
— एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : लेकी, तू अधीर नाहीस. तू थकली आहेस, आणि तुझ्याभोवतीची माणसं त्या थकव्याला अविश्वास म्हणताहेत. माझा उमेदीचा सगळा काळ मिशनच्या दवाखान्यात, प्रसूतीच्या वॉर्डात नर्स म्हणून गेला. बाळंतिणींइतक्याच तुझ्यासारख्या बायका मी तिथे पाहिल्या. ओपीडीच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसलेल्या. त्यामुळे तुझं पत्र वाचून झाल्यावर मी ते घडी करून बाजूला ठेवू शकले नाही. बाकीच्या दोन पत्रांना आज जागा कमी पडेल, त्या वाचकांनी समजून घ्यावं.

तुझ्या नवऱ्याच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण खरी गाठ तिथेच आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा सोळावा अध्याय तुम्ही दोघांनी मिळून पुन्हा वाचा. अब्राम, म्हणजे पुढचा अब्राहाम, देवाने वंशाचं वचन दिल्यावर हारानातून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, इश्माएल झाला तेव्हा ८६ चा, इसहाक झाला तेव्हा १०० चा. मधल्या काळात त्याची बायको साराय, म्हणजे पुढची सारा, आणि अब्राम यांनी केलं काय? घरातली एक परकी दासी, तिला विचारलंही नाही, आणि तिच्या देहावर आपल्या वचनाची पूर्तता करून घ्यायला निघाले. ती गरोदर राहिली तेव्हा तिला इतकं छळलं की ती रानात पळाली. त्यांच्या घाईची किंमत त्या दासीने, हागारेने मोजली. आणि रानातल्या झऱ्यापाशी देवाचा दूत तिलाच भेटायला आला. रक्ताची तपासणी करणं, सोनोग्राफी करणं यात कुठली हागार आहे? कोणाच्या पाठीवर पाय देऊन तुम्ही पुढे चालला आहात? कोणाच्याच नाही. मग या गोष्टीचा धाक तुला कशासाठी?

त्यापेक्षा तुझ्या यजमानांना बायबलमधल्या २ राजे या पुस्तकाचा २० वा अध्याय दाखव. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवाने यशया संदेष्ट्याच्या तोंडून निरोप पाठवला की तू तिसऱ्या दिवशी मंदिरात जाशील, तुझं आयुष्य मी १५ वर्षांनी वाढवलं आहे. वचन मिळालं, दिवस ठरला, वर्षं मोजून दिली. देवाच्या वेळेवर भरवसा ठेवून हातपाय गाळून बसायचं असतं तर याहून चांगली संधी कोणती होती? पण पुढच्याच ओवीत यशया म्हणतो, अंजिरांचं पोटीस, म्हणजे लेप, आणा. ते गळवावर बांधलं आणि राजा बरा झाला. वचन देणारा देव आणि पोटीस बांधणारे हात यांच्यात शास्त्राला काही भांडण दिसलं नाही. प्रेषित पौलाच्या सोबत शुभवर्तमान लिहिणारा लूक होता, तो वैद्य होता, आणि पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो.

आता नर्स म्हणून बोलते. नीट संबंध असूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर तपासणी करायची असते. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. तुम्ही आठ वर्षं थांबला आहात. तपासणी दोघांची व्हायची, आणि त्यातही आधी यजमानांची, कारण त्यांची सगळ्यात सोपी आणि कमी खर्चाची असते. एका नमुन्यात कळतं. आपल्याकडे उलट होतं. बाईच्या नळ्यांचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी, नवस, उपास सगळं होऊन जातं आणि पुरुषाने एकदाही प्रयोगशाळेची पायरी चढलेली नसते. मूल न होण्याची कारणं पुरुषाकडे असणं ही रोजची गोष्ट आहे, त्यात त्याच्या पुरुषपणाला काही बट्टा नाही. तुझ्या बाजूने थायरॉइड, इतर हार्मोन्स, सोनोग्राफी आणि नळ्या उघड्या आहेत का हे पाहतील. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या देशात गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोग हे वंध्यत्वाचं एक मोठं कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, बाई वरून ठणठणीत दिसते आणि आत नळ्या खराब होत जातात. त्याला औषध आहे, पण झालेलं नुकसान औषधाने नेहमी भरून येत नाही. अशा ठिकाणी ‘देवाची वेळ’ म्हणून काढलेलं एकेक वर्ष महागात पडतं. ते वर्ष देवाने मागितलेलं नव्हतं. माणसांनी ते त्याच्या नावावर खर्ची टाकलं. माझ्या डोळ्यांसमोर हे झालेलं आहे, म्हणून एवढ्या जोराने लिहिते.

तपासणीनंतर मोठे उपचार सांगितले तर आधी दोघांनी बसून ठरवा, किती पैसा आणि किती काळ. जमीन विकायची नाही, हे आधीच ठरवा. केंद्र नोंदणी झालेलं आहे का विचारा, २०२१ च्या कायद्याने ती बंधनकारक आहे. आणि ‘हमखास’ हा शब्द जिथे ऐकाल तिथून उठून या.

हमखास बोलणारा माणूस देवाच्या नावानेही येतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. बाबेलात धरून नेलेले लोक दोन वर्षांत परत येतील, असं त्याने भर मंदिरात, लोकांदेखत सांगितलं. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाची पहिली प्रतिक्रिया मला फार आवडते. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो! त्यालाही तेच हवं होतं. पण हवं असणं वेगळं आणि देव तसं बोलला असणं वेगळं, हे त्याला ठाऊक होतं. दोन वर्षांचं ते वचन हनन्याचं होतं, देवाचं नव्हतं. तुझ्या डोक्यावर हात ठेवून नाताळची मुदत देणारे गृहस्थ संमेलन आटोपून आपल्या गावी गेले. ती मुदत उलटली त्याचं ओझं मात्र तुझ्या डोक्यावर राहिलं. ते उतरव. देवाने तुला दिलेला शब्द मोडलेला नाही, कारण तो शब्द त्याने दिलाच नव्हता. पाळकसाहेबांशी तुझी ओळख चांगली असेल तर त्यांच्या कानावर हे जरूर घाल. व्यासपीठावरून बायकांच्या कुशीच्या तारखा जाहीर करणं बंद व्हायला हवं, आणि ते पाळकांनीच करायला हवं.

त्याच यिर्मयाने पुढच्या अध्यायात बाबेलच्या लोकांना पत्र पाठवलं. त्यातली अकरावी ओवी आपल्या घराघरांतल्या कॅलेंडरवर असते : तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. तिच्या आधीची दहावी ओवी कॅलेंडरवर कोणी छापत नाही. तिच्यात ७० वर्षं लिहिली आहेत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण परतीचा दिवस पाहायला असणारच नव्हते. अशा लोकांना देव काय करायला सांगतो? घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा. ज्या नगरात आहात त्याचं कल्याण पाहा. देवाच्या वेळेवर भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचं, असं तू विचारलंस ना? मला तरी याच्याहून नेमकं उत्तर माहीत नाही. तुझं आयुष्य पाळणा हलेपर्यंत थांबवून ठेवायचं नाही. शिवणकाम, शेत, नोकरी, बहिणीची पोरं, मंडळीतलं गाणं, तुझं जे काही असेल ते आज करायचं, पूर्ण मनाने. याकोब आपल्या पत्रात वाट पाहणारा शेतकरी दाखवतो. त्यांच्याकडे पहिला पाऊस पेरणीच्या सुमारास पडायचा आणि शेवटचा कणीस भरताना. तू नगर जिल्ह्यातली, तुला काय सांगायचं, मृगाची वाट पाहणारा माणूस बांधावर झोपून राहत नाही. नांगरट झालेली असते, काडीकचरा वेचलेला असतो, बियाणं घरात असतं. पाऊस तेवढा त्याच्या हातात नसतो.

महिला मंडळातल्या कुजबुजीबद्दल. मूल नसलेल्या हन्नाला दरवर्षी शिलोच्या यात्रेत तिची सवत पनिन्ना डिवचायची, आणि ती रडायची, जेवायची नाही. मंदिरात ती इतकी तळमळून प्रार्थना करत होती की एली याजकाला ती प्यालेली वाटली. म्हणजे देवाच्या घरातल्या माणसानेसुद्धा दुःखी बाईला ओळखलं नाही. हन्ना गप्प बसली नाही. ‘नाही स्वामी’ म्हणून तिने त्याला सरळ सांगितलं, मी दुःखी बाई आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करत होते. तूही सांग. पापाची शंका घेणारीला सगळ्यांसमोर विचार, ‘बाई, सारा, रिबका, राहेल, हन्ना, अलिशिबा, यांच्यातल्या कोणाचं वांझपण पापामुळे होतं असं शास्त्र सांगतं?’ एकीचंही नाही. अलिशिबा आणि जखऱ्या यांना तर लूक नीतिमान म्हणतो. आणि बारशाला पाळण्यापासून बाईला दूर ठेवणं हे कुठल्याही ख्रिस्ती घराला शोभत नाही. येशूने शिवू नये अशांना शिवलं, आणि त्याचं नाव घेणाऱ्यांनी निपुत्रिक बाईचा अपशकुन मानायचा? मला याची चीड येते. हे वाचणाऱ्या ज्या कोणा घरात असं चालत असेल त्यांनी पुढच्या बारशाला त्या बाईला आधी बोलवावं, तिच्या हातात बाळ द्यावं.

तुझ्या सासूबाईंचा उपास त्यांच्या प्रेमाचा आहे, त्यांना बोल लावू नकोस. पण उत्पत्ती २५ मध्ये रिबकेसाठी प्रार्थना कोण करतो ते बघ. तिचा नवरा इसहाक. लग्न झालं तेव्हा इसहाक ४० वर्षांचा होता आणि जुळी मुलं झाली तेव्हा ६० चा. वीस वर्षं हे दुःख त्या घरात दोघांचं मिळून होतं. तुझे यजमान अब्राहामाचं उदाहरण देतात, त्यांना म्हणावं इसहाकाचंही घ्या. माझ्याजवळ बसा, माझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करा, आणि सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला.

तुला प्रार्थना सुचत नाही, राग येतो. मग रागच सांग. तेरावं स्तोत्र उघड : ‘हे परमेश्वरा, मला तू कोठवर विसरणार?’ हे शब्द देवाने आपल्या पुस्तकात राहू दिले, उपासनेत गायला दिले. मार्थेने येशूला तोंडावर सांगितलं, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ येशू निरोप मिळूनही दोन दिवस मुद्दाम थांबला होता, तिच्या भावाला, लाजराला, कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. येशूने मार्थेला असं का बोललीस म्हणून झापलं नाही. आणि आपण पुढे काय करणार हे ठाऊक असूनही तो मार्थेच्या बहिणीच्या, मरियेच्या रडण्याने रडला. उशीर करणारा आणि रडणारा एकच आहे, हे मला समजावून सांगता येत नाही. पण अशाच प्रभूवर माझा भरवसा आहे. ज्याला आपले अश्रू कळत नाहीत त्याच्या वेळेवर भरवसा ठेवणं मला जमलं नसतं.

मूल होईलच असं मी तुला लिहिणार नाही. पवित्र शास्त्रातल्या त्या बायकांना शेवटी मुलं झाली, म्हणून प्रवचनं त्यांच्यावरच होतात. पण यशयाच्या ५६ व्या अध्यायात ज्यांना कधीच मूल होणार नाही अशांना देव म्हणतो, माझ्या घरात मी तुम्हांला पुत्र आणि कन्या यांच्याहून उत्तम नाव देईन. ही ओवी दुसऱ्या क्रमांकाच्या लोकांसाठी ठेवलेला दिलासा आहे असं समजू नकोस. माझ्या ओळखीत अशी घरं आहेत जिथे पाळणा हलला नाही आणि तरी ती घरं ओसाड नाहीत.

दत्तकाबद्दल तू विचारलेलं नाहीस, म्हणून थोडंच. पूर्वी आपल्या ख्रिस्ती लोकांना कायद्याने मूल पूर्णपणे दत्तक घेता येत नसे, १८९० च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळायचं. पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून तेच आहे. आता बाल न्याय कायद्याने, २०१५ च्या, कोणत्याही धर्माच्या जोडप्याला ते घेता येतं आणि मूल सर्व हक्कांनी तुमचं होतं. तिथेही प्रतीक्षा यादी मोठी असते. फक्त ‘दत्तक घेतलं की पोटचं होतं’ असं कोणी सांगितलं म्हणून त्या वाटेला जाऊ नका. ते लेकरू कोणाचा पायगुण म्हणून घरात यायला नको, त्याच्यासाठीच यायला हवं.

तपासण्यांचे कागद आले की मला पुन्हा लिही.

—

प्रश्न : मावशी, मी पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो. पूर्व परीक्षा निघते, मुख्य परीक्षेत थोडक्यात राहतो. दरवेळी वाटतं देव ‘थांब’ म्हणतोय. पण आता भीती वाटते की तो ‘नाही’ म्हणत असेल आणि मला ऐकू येत नसेल. हे कसं ओळखायचं? वडील गावाकडून पैसे पाठवतात.
— एक युवक, जालना जिल्हा

उत्तर : बेटा, प्रेषितांची कृत्ये १६ वाच. पौलाला आसिया प्रांतात वचन सांगायचं होतं, आत्म्याने मना केलं. मुसियाजवळ येऊन तो बिथुनियात जायला निघाला, तिथेही येशूच्या आत्म्याने जाऊ दिलं नाही. ‘थांब’ की ‘कधीच नाही’, हे त्याला कोणी समजावल्याचं लूक लिहीत नाही. तो चालत राहिला, समुद्रकाठच्या त्रोवसला पोचला, आणि तिथे मासेदोनियाचा दृष्टान्त झाला. आता १९ वा अध्याय बघ. त्याच आसियातल्या इफिसात पौल पुढे दोन वर्षांहून जास्त राहिला. तेव्हा बंद असलेलं दार नंतर उघडलं. पण दार बंद होतं त्या दिवशी त्याला हे माहीत नव्हतं, आणि माहीत असण्याची त्याला गरजही पडली नाही. पुढचं गाव कोणतं एवढं कळणं पुरेसं होतं.

गुणपत्रिकेत देवाचा आवाज शोधू नकोस. दोन मार्क कमी पडले यात ‘थांब’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, त्यात दोन मार्क आहेत. मला जास्त काळजी तुझ्या वडिलांच्या पैशाची वाटते. त्यांच्याकडे जाऊन समोरासमोर बस, किती झालं, आणखी किती शक्य आहे हे विचार, आणि दोघांनी मिळून शेवटची मुदत ठरवा. तोवर शिकवणी घे, अर्धवेळ काम धर. पौलही तंबू शिवायचा. अभ्यासिकेच्या खुर्चीत बसून राहणं म्हणजेच विश्वासूपणा, असं पुण्याच्या पेठांमध्ये पोरांना वाटायला लागतं. घरी पाठवायचे चार पैसे हातात आले की तुझ्या प्रार्थनेतली भीती कमी होईल, असं मला वाटतं.

—

प्रश्न : मावशी, आमच्या घरचे साहेब देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येत नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांच्यासाठी प्रार्थना करते, आता मुलांची लग्नं झाली. आमच्या साप्ताहिक प्रार्थनासभेत दर बुधवारी त्यांचं नाव घेतलं जातं. हे त्यांना कळलं तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. माणूस चांगला आहे. मी आणखी काय करू?
— एक माता, संगमनेर

उत्तर : बाई, तुम्ही करायचं पुष्कळ करून झालं आहे. आता थोडं कमी करा.

आपल्याच भागातली गोष्ट. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नगरला त्यांच्याकडे आल्या तरी त्यांचं सोवळंओवळं चालूच होतं, आणि टिळकांनी ते चालू दिलं. एवढा मोठा कवी, एवढा तळमळीचा प्रचारक, पण स्वतःच्या बायकोवर त्याने श्रद्धेची सक्ती केली नाही. जातपात माणसांनी केलेली आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचाराने पटलं, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जे त्यांचं त्यांना पटलं होतं ते नंतर आयुष्यभर कोणी हलवू शकलं नाही. टिळकांच्या धीराचा मला यातच मोठेपणा दिसतो की त्यांनी बायकोला तिची वेळ दिली.

पेत्र आपल्या पहिल्या पत्रात बायकांना सांगतो की वचन न मानणारे पती तुमच्या वागण्याने, एक शब्दही न बोलता, मिळवले जातील. (मार खाणाऱ्या बाईला हीच ओवी दाखवून परत पाठवलं जातं. तसं करणारे पेत्राचा दुरुपयोग करतात. तुमच्या घरी तसं नाही, हे तुम्ही लिहिलंच आहे.) दर बुधवारी पंचवीस बायकांनी आपलं नाव घेऊन उसासा टाकावा, हे कोणत्या मानी माणसाला सोसेल? तुमची एकटीची प्रार्थना चालू ठेवा, देवाला यादीची गरज नाही. संध्याकाळी ते फिरायला जात असतील तर बरोबर जा, आणि देवळाचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ऐका. सभेच्या विनंत्यांतून त्यांचं नाव याच बुधवारी काढून घ्या, आणि घरी येऊन त्यांना तसं सांगा.